आजाऱ्याला अन्न का जात नाही?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले. मी काही डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. आरोग्य हा विषय फार मोठा, म्हणून त्यातली एकच गोष्ट आज घेते. ती आपल्या प्रत्येकाच्या घरात घडते. घरात माणूस आजारी पडला की तो जेवत नाही. का जेवत नाही?

प्रश्न साधा वाटतो, पण या प्रश्नावरून घराघरात भांडणं होतात. सासू म्हणते, सुनेच्या हाताला चव नाही. सून म्हणते, आजोबा मुद्दाम ताट सारतात. बायको म्हणते, हे बाहेरून खाऊन येतात. शेजारीण म्हणते, दृष्ट लागली असेल, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका. आणि आजारी माणूस बिचारा भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याला स्वतःलाच कळत नाही, की कालपर्यंत आवडणारं कालवण आज समोर आलं तरी पोटात का ढवळतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, माझ्या घरातलं सांगते. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट आहे. आम्ही मुंबईत डिलाईल रोडच्या चाळीत राहत होतो. बाबा गिरणीत कामाला होते. त्यांचं जेवण हळूहळू कमी झालं. आधी अर्धी भाकरी राहायची, मग एक, मग नुसती पेज. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, खोकला होता. पण आमचं सगळ्यांचं लक्ष खोकल्यापेक्षा ताटाकडे. आई म्हणायची, "अन्नावर राग काढू नका." आजी आईला बोल लावायची. आई एकेक घास करून बळेच भरवायची आणि बाबा मोरीत जाऊन ओकून टाकायचे. एकदा आईने ताट आपटलं आणि ती रडत बाहेर गॅलरीत जाऊन बसली. चाळीतल्या एका बाईने गंडा आणून दिला. बाबांनी 1956 साली दीक्षा घेतलेली होती. ते एवढंच म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात मी. हे मला चालायचं नाही." गंडा बांधला नाही हे बरं झालं, पण कारण काय ते मात्र आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण क्षय होता, टीबी.

तथागतांनी आपल्याला शिकवलं की जे काही घडतं ते कारणाने घडतं. कारण असलं की कार्य होतं, कारण गेलं की कार्य थांबतं. भुकेचंही तसंच आहे. भूक लागते त्याला कारण असतं आणि भूक मरते त्यालाही कारण असतं. ते कारण पुष्कळदा आजाऱ्याच्या स्वभावात नसतं आणि सुनेच्या हातातही नसतं. ते कुठे असतं, ते आता पाहू.

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो. खरं म्हणजे भुकेचा निर्णय मेंदूत होतो. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. घरातल्या जुन्या कारभारणीसारखं त्याचं काम चालतं. कणगीत दाणे किती उरलेत, चुलीवर काय आहे, घरात माणसं किती, कोण आजारी, हे सगळं बघून ती ठरवते की आज किती शिजवायचं. या भागात दोन तऱ्हेच्या पेशी आहेत. एका तऱ्हेच्या पेशी म्हणतात "खा", दुसऱ्या म्हणतात "पुरे". दोघींचा तोल सांभाळला की माणूस बेताने जेवतो.

पण कारभारणीला कणगीतली खबर देतो कोण? आपल्या शरीराची कणगी म्हणजे अंगावरची चरबी. 1994 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध लावला, की चरबीच्या पेशी स्वतःच एक रस रक्तात सोडतात. त्याला लेप्टिन असे नाव आहे. साठा भरपूर असला की लेप्टिन जास्त, साठा घटला की लेप्टिन कमी. मेंदू त्यावरून हिशेब करतो.

ही खबर अजिबात पोचली नाही तर काय होतं? 1997 साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एकाच नात्यातल्या दोन मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन 29 किलो. या मुलांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन तयार होत नव्हतं. कणगी ओसंडून वाहत होती, पण कारभारणीला वाटत होतं की घरात दाणा नाही. त्यामुळे मुलं सतत भुकेली. पुढे त्या मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन दिलं, तेव्हा भूक आवाक्यात आली आणि वर्षभरात वजन सुमारे 16 किलोंनी उतरलं. विचार करा, असं मूल आपल्या वस्तीत असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? खादाड म्हटलं असतं. आईबापांना वळण लावता येत नाही असं म्हटलं असतं.

आता कुणी विचारेल, मग सगळ्याच जाड माणसांना हे इंजेक्शन का देत नाहीत? कारण बहुतेक जाड माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, उलट जास्तच असतं. मेंदू ते ऐकेनासा होतो. रोज तोच आरडाओरडा ऐकून कान बधिर व्हावेत तसं. म्हणून वजन आणि मधुमेह हे विषयही नुसत्या टोमण्यांनी सुटणारे नाहीत.

लेप्टिन हा दूरचा हिशेब झाला. रोजच्या जेवणाचा निरोप वेगळा असतो. 1999 साली जपानमधील कोजिमा आणि कांगावा या संशोधकांनी जठरातून निघणारा घ्रेलिन नावाचा रस शोधला. पोट रिकामं झालं, जेवणाची वेळ जवळ आली, की तो वाढतो आणि मेंदूला म्हणतो, वाढ पान. जेवल्यावर आतड्यांतून दुसरे रस निघतात, ते सांगतात, झालं, पुरे. हा "पुरे"चा निरोप पोचायला थोडा वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं तरी. त्यामुळे भराभर जेवणारा माणूस निरोप येण्याआधीच दोन भाकऱ्या जास्त खाऊन बसतो.

यावर आपल्या पाली साहित्यात कोसल देशाच्या पसेनदी राजाची एक गोष्ट आहे. राजा भलतं जेवायचा. एकदा जेवून धापा टाकत भगवंतांच्या भेटीला आला. भगवंत रागावले नाहीत. जेवणाची मात्रा ओळखून खाणाऱ्याचं कसं भलं होतं, हे सांगणारी एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने जवळच्या एका तरुणाला सांगितलं, की मी जेवायला बसलो की ही गाथा म्हणत जा. राजा जेवताना ती ऐकत गेला आणि हळूहळू त्याचं जेवण बेताचं झालं. यात उपाशी ठेवणं नाही, अपमान नाही. जेवता जेवता थांबून ऐकणं आहे. "पुरे"चा निरोप पोचायला जो वेळ लागतो, तो त्या गाथेने राजाला मिळवून दिला, असं मला वाटतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आजारी माणूस.

आपल्या रक्तात आणि अंगात पांढऱ्या पेशी असतात, हे पहारेकरी. जंतू आत शिरला की त्या त्याला ओळखतात आणि सगळ्या शरीराला इशारा देणारे रासायनिक निरोप सोडतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. इंटरल्युकिन-1, इंटरल्युकिन-6, टीएनएफ अशी त्यांची नावं आहेत. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की हे निरोप रक्तातून आणि पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या एका लांबलचक मज्जातंतूवरून थेट मेंदूत पोचतात. मेंदू मग एकदम अनेक हुकूम सोडतो. अंग तापव. हातपाय दुखू देत. माणसाला झोपव. त्याचं मन कशात रमू देऊ नको. आणि भूक बंद कर.

म्हणजे ताप, अंगदुखी, मरगळ आणि जेवण न जाणं, ही चार वेगवेगळी दुखणी नव्हेत. एकाच हुकमाच्या या चार बाजू आहेत. आजारी गाय वैरणीला तोंड लावत नाही, आजारी कुत्रं कोपऱ्यात जाऊन पडतं, तेही यामुळेच. 1988 साली कॅलिफोर्नियातील बेंजामिन हार्ट या पशुवैद्यक शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की आजारी जनावराचं हे वागणं म्हणजे अशक्तपणा नसून रोगाशी लढण्याची शरीराची रीत आहे.

खरंच तसं आहे का, हे उंदरांवर पाहिलं गेलं. 1979 साली अमेरिकेत मरे आणि मरे या संशोधकांनी लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची बाधा झालेल्या उंदरांना नळीने बळेच पूर्ण खाणं भरवलं. भरवलेले उंदीर जास्त संख्येने मेले आणि लवकर मेले. ज्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं होतं, ते कमी खाऊनही जास्त तगले. पुढे 2016 साली येल विद्यापीठातील रुस्लान मेजितोव यांच्या गटाने हेच काम आणखी पुढे नेलं. त्यांना दिसलं की लिस्टेरियाच्या बाधेत साखर भरवल्याने उंदीर दगावतात, पण फ्लूच्या विषाणूची बाधा असेल तर उलट खाणं दिल्याने जास्त वाचतात. म्हणजे प्रत्येक आजाराला एकच नियम लावता येत नाही. आणि हे उंदीर आहेत, माणसं नव्हेत. म्हणून कुणी घरी जाऊन तापाच्या माणसाला उपाशी ठेवू नका. एवढंच समजा, की दोन-तीन दिवसांच्या तापात अन्नावरची वासना उडाली तर तो हट्ट नसतो, आणि नाक दाबून भरवण्यात शहाणपण नाही. पाणी, पेज, वरणाचं पाणी, घोट घोट, वारंवार. ताप उतरला की भूक आपोआप येते.

पण उपासिकांनो, इथे एक मोठा धोका आहे. ही भूक बंद करण्याची सोय थोड्या दिवसांसाठी आहे. पाहुणा आला म्हणून दोन दिवस दुकान बंद ठेवलं तर चालतं. पाहुणा सहा महिने राहिला तर घर उपाशी मरतं. टीबी, कर्करोग, दीर्घ मुदतीचे आजार यांत पहारेकऱ्यांचा आरडाओरडा महिनोन्महिने चालूच राहतो. भूक मेलेली राहते, आणि शिवाय शरीर स्वतःचे स्नायू जाळून खातं. दंड बारीक होतात, गाल बसतात. रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी अशा झिजवणाऱ्या पदार्थाचा शोध घेत होते. त्याला त्यांनी कॅकेक्टिन नाव दिलं होतं. 1985 साली कळलं, की हा झिजवणारा पदार्थ आणि पहारेकऱ्यांचा टीएनएफ हा निरोप एकच आहे. आपल्या पूर्वजांनी या रोगाला क्षय म्हटलं, म्हणजे झीज. नाव अगदी बरोबर होतं.

आता चक्राचा दुसरा अर्धा भाग ऐका. मघाशी लेप्टिन सांगितलं, कणगीची खबर. ही खबर मेंदूकडे जाते तशीच पहारेकऱ्यांकडेही जाते. 1998 साली लंडनमधील संशोधकांनी दाखवलं, की उपाशी ठेवलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि लेप्टिन दिल्यावर ती सावरते. म्हणजे घरात दाणे नाहीत असं कळलं की पहारेकऱ्यांचा पगारही कापला जातो. मग उपाशी माणसाला रोग लवकर होतो. रोग झाला की भूक मरते. भूक मेली की अंग आणखी झिजतं. झिजलेल्या अंगात रोग आणखी पसरतो. हे चक्र तोडल्याशिवाय सुटका नाही.

माझ्या घरी ते कसं तुटलं, सांगते. गिरणीतल्या एका सहकाऱ्याने बाबांना ओढून दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली, फोटो काढला, इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या. महिना-सव्वा महिना गेला आणि एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज सुकट नाही का केलीस?" आई हातातलं पीठ तसंच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. त्या घासाला आईने भरवलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं, गंडा बांधला नव्हता. औषधाने जंतू कमी झाले, पहारेकऱ्यांचा आरडाओरडा थांबला, मेंदूने हुकूम मागे घेतला. हे मला नर्सिंगचं शिक्षण घेतल्यावर फार वर्षांनी उमगलं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. डॉक्टर म्हणाले होते, रोज एक अंडं आणि दूध द्या. एका माणसाच्या पगारात, तोही आजारपणाने कापलेला, एक अंडं आणि पावशेर दूध यायचं. ते बाबांना. उरलेलं आम्हा पोरांना. आई सगळ्यांच्या शेवटी बसायची, खरकट्या टोपात पाणी घालून जे निघेल ते भाकरीशी खायची. आम्ही सगळे बाबांच्या ताटात बघत होतो, आईच्या ताटात कुणी बघितलं नाही. दोन वर्षांनी आईला टीबी झाला. ती वाचली, पण तिचं एक फुफ्फुस कायमचं अधू झालं. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबायची.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते 2023 साली, झारखंडमधल्या एका अभ्यासाची माहिती वाचल्यावर. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने 2019 ते 2022 या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत हे काम केलं. टीबीचे 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं. सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर महिन्याचं धान्य दिलं. निम्म्या भागात मात्र घरातल्या बाकीच्या माणसांनाही माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षं लक्ष ठेवलं. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं, तिथे घरच्या माणसांना टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं, आणि दुसऱ्यांना लागण करणाऱ्या फुफ्फुसाच्या टीबीचं प्रमाण 48 टक्क्यांनी. शिवाय ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण फार कमी होतं.

तांदूळ आणि डाळ! कुठलं महागडं औषध नाही. ते वाचलं तेव्हा मला आईचा तो टोप दिसला.

आळवी नगरीतली गोष्ट तुम्ही भंतेजींकडून ऐकली असेल. भगवान बुद्ध तिथे धम्म सांगायला गेले. एका गरीब शेतकऱ्यालाही ऐकायला यायचं होतं, पण त्याचा बैल हरवला. रानोमाळ बैल शोधून, सापडल्यावर, तो भर दुपारी उपाशीपोटी धावत आला. भगवंतांनी आधी त्याला जेवायला वाढायला लावलं. तो शांतपणे जेवला, मग प्रवचन झालं. भिक्खूंना याचं नवल वाटलं, तेव्हा भगवंतांनी त्यांना समजावलं, की भुकेने पीडलेल्या माणसाच्या मनात धम्म शिरत नाही. भूक हे शरीराचं दुःख आहे, ते आधी बघावं लागतं. तथागतांनी स्वतः सहा वर्षं देह सुकवून पाहिला होता, आणि सुजाताची खीर स्वीकारून तो मार्ग सोडला होता. भुकेविषयी ते ऐकीव बोलत नव्हते.

दुसरी गोष्ट आजारी भिक्खूची. अतिसाराने तो आपल्याच घाणीत पडला होता, कुणी बघत नव्हतं. भगवंतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतःच्या हाताने धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. नंतर आजाऱ्याची सेवा करणारा कसा असावा, हेही त्यांनी सांगितलं. आजाऱ्याला काय मानवतं आणि काय मानवत नाही हे त्याला कळावं, मानवेल ते जवळ आणावं, न मानवेल ते दूर करावं, आणि हे सगळं मैत्रीभावाने करावं, किळस न करता. नोकरीत मला अनेक नियम शिकवले, पण याहून चांगला नियम मला आढळला नाही. यात "बळेच भरवा" असं नाही, आणि "जेवत नाही तर राहू द्या" असंही नाही. जाणून घ्या, असं आहे.

म्हणून आता घरी जाऊन काय करायचं ते थोडक्यात सांगते.

साधा ताप दोन-तीन दिवसांचा असेल तर जबरदस्ती नको, पण पाणी आणि पातळ पदार्थ चालू ठेवा. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. लहान मुलाला जुलाब झाले तर क्षारसंजीवनी द्या, दवाखान्यात दाखवा आणि थोडं थोडं खायला देत राहा. जुलाबात मुलाला उपाशी ठेवणं चूक आहे. मधुमेहाचा रुग्ण गोळ्या किंवा इन्सुलिन घेतो आणि जेवत नाही, असं असेल तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना विचारा, कारण साखर एकदम उतरू शकते. म्हाताऱ्या माणसाने अचानक जेवण सोडलं तर "वय झालं" म्हणू नका. म्हातारपणी आत जंतूंची बाधा असूनही कधी कधी ताप येत नाही, फक्त जेवण सुटतं. गरोदरपणात उलट्यांनी पाणीसुद्धा टिकत नसेल तर तिला नखरे म्हणू नका. 2023 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की गर्भाकडून आईच्या रक्तात येणारा जीडीएफ-15 नावाचा पदार्थ मेंदूत जाऊन हे घडवतो. तिला उपचार लागतात.

आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, जेवण न जाणं, यांतलं काहीही दिसलं तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध मोफत आहे. रुग्णाच्या पोषणासाठी केंद्र सरकार 2018 पासून दरमहा 500 रुपये देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 रुपये झाले. ते मागून घ्या, त्यात लाज कसली? औषध सुरू झाल्यावर भूक परत यायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत मोठं ताट भरून समोर ठेवू नका. वाटीभर खिमट, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेलं अंडं, असं दिवसातून पाच-सहा वेळा द्या. फार दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालू नका, तेही घातक ठरतं, हळूहळू वाढवा. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. आणि रुग्णाच्या ताटात बघता तसं घरातल्या बाईच्या ताटातही बघा. ती शेवटी जेवते का? तिला काय उरतं? जेवायला सगळे एकत्र बसलात तर हे आपोआप दिसेल.

शेवटी विहार समितीला माझी एक विनंती आहे. बुद्ध पौर्णिमेला आपण खीरदान करतो, ती चांगली गोष्ट आहे. त्याबरोबर एवढं करावं, की आपल्या वस्तीत ज्या घरी टीबीचा रुग्ण असेल, त्या घरातल्या प्रत्येक माणसाला सहा महिने महिन्याचं तांदूळ-डाळ विहारातून पोचावं. फक्त रुग्णाला नव्हे, सगळ्या घराला. गाजावाजा न करता, नाव न लावता, फोटो न काढता. 2022 पासून निक्षय मित्र म्हणून सरकारकडे नोंदणी करून संस्थांना अशी मदत करता येते, त्याची चौकशी आपल्या तरुणांनी करावी. आमची चाळ मोठी होती, माणसं मायाळू होती. कुणी आईला महिन्याला दीड किलो डाळ दिली असती तर ती आणखी काही वर्षं न थांबता जिना चढली असती, असं मला वाटत राहतं. माझ्याकडून पहिल्या घराच्या पहिल्या महिन्याचं धान्य मी आजच समितीकडे जमा करते.